कड्यावरचा शंख : साम्य, नाते आणि स्थान

१

‘गोगलगाय आणि पोटात पाय’ ही म्हण मराठीत वरून गरीब पण आतून पक्क्या असलेल्या माणसाला उद्देशून वापरतात. म्हणीतील उपहास बाजूला ठेवला तर तिच्यात प्राणिशास्त्राचे एक अचूक निरीक्षण आढळते. गोगलगाय ज्या मांसल तळव्यावर सरकते तो तिच्या शरीराचा पोटाकडचा भाग होय. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्यूव्ह्ये याने अठराव्या शतकाच्या अखेरीस ह्या प्राण्यांच्या वर्गाला जे ग्रीक नाव दिले त्याचाही अर्थ ‘पोट हाच पाय असलेले’ असाच आहे. मराठी परिभाषेतील ‘उदरपाद’ हा शब्द त्या नावाचा अनुवाद होय. परिभाषाकारांनी जे ग्रीकमधून आणले ते म्हणीच्या रूपाने मराठीत अगोदरच होते.

शेतातली गोगलगाय, देवघरातला शंख, सोंगट्यांच्या पटावरची कवडी ही सारी ह्याच उदरपाद वर्गातली. मराठी भाषकाला हा वर्ग दोन ठिकाणी भेटतो: पावसाळ्यात अंगणात आणि एरवी समुद्रकिनारी. परंतु सह्याद्रीच्या उभ्या, पाणी झिरपणाऱ्या कड्यांवर ह्या वर्गातला एक तिसरा रहिवासी आहे. त्याला मराठीत नाव नाही. पिंपरी-चिंचवड आणि चाकण ह्या औद्योगिक पट्ट्यातून पश्चिमेकडे निघून मावळ ओलांडले की घाटाचा कडा लागतो. हे अंतर फार तर पन्नास-साठ किलोमीटरांचे. त्या कड्याच्या कातळांवर हरभऱ्याएवढा एक शंख राहतो. सह्याद्री सोडून तो जगात अन्यत्र कोठेही सापडत नाही. एखादा प्राणी एकाच सरोवरात, एकाच बेटावर किंवा एकाच डोंगररांगेत आढळतो तेव्हा त्याला ‘प्रदेशनिष्ठ’ म्हणतात. ह्या लहानशा शंखाची प्रदेशनिष्ठा कशी सिद्ध होते, तिच्यातून कोणते ज्ञान मिळते आणि ती नष्ट झाल्यास नेमके काय गमावले जाईल, ह्याचा विचार येथे केला आहे.

आरंभी संज्ञांविषयी दोन शब्द. जीवशास्त्रात परस्परांशी संकर करू शकणाऱ्या प्राण्यांच्या समूहास ‘जाती’, निकटच्या जातींच्या समूहास ‘वंश’ आणि निकटच्या वंशांच्या समूहास ‘कुल’ म्हणतात. येथे हे शब्द ह्याच अर्थाने योजले आहेत.

२

ह्या शंखांपैकी एकाचे वर्णन सिलोनमध्ये मुलकी नोकरी केलेल्या लेयर्ड याने १८५५ मध्ये केले. शंखाच्या कडेवर नौकेच्या तळकण्यासारखी उठलेली धार असते, म्हणून त्याने जातीला ‘कॅरिनाटस’ म्हणजे ‘कणायुक्त’ असे विशेषण दिले. ही जाती महाबळेश्वरच्या परिसरातली. तथापि लेयर्डने तिला ज्या वंशात ठेवले तो उत्तर अमेरिकेतील नद्यांत राहणाऱ्या शंखांचा वंश होता. गोड्या पाण्यातला लहान, जाड कवचाचा शंख पाहून तशाच दिसणाऱ्या अमेरिकी शंखाचे नाव त्याला चिकटवले गेले. बाह्य साम्यावरून नाते ठरविण्याच्या चुकीचे हे चांगले उदाहरण असल्यामुळे ते पुढेही उपयोगी पडेल.

ही चूक दुरुस्त होण्याच्या दृष्टीने महत्त्वाचा लेख १८६३ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील विल्यम टॉमस ब्लॅनफर्ड हा दख्खनच्या काळ्या कातळाचा अभ्यासक होता, पण त्याचे लक्ष खडकांइतकेच त्यांच्यावर राहणाऱ्या जीवांकडेही असे. त्याने पश्चिम घाटाच्या कड्यांवरील दोन नवे वंश वर्णन केले. त्यांपैकी ‘लिथोटिस रुपिकोला’ हा जमिनीवरील गोगलगायींच्या नात्यातला, आणि दुसरा ‘क्रेम्नोबेटिस सिह्याड्रेन्सिस’. हे दुसरे नाव भाषेच्या अभ्यासकाने थांबून पाहावे असे आहे.

ग्रीक ‘क्रेम्नोस’ म्हणजे उभा कडा. ‘क्रेम्नोबेटिस’ म्हणजे कड्यावर चालणारा. ‘सिह्याड्रेन्सिस’ ह्या विशेषणात ‘सह्याद्री’ हा शब्द एका इंग्रजाने जसा ऐकला व लिहिला तसा उतरला आहे, आणि त्याला स्थानवाचक ‘-एन्सिस’ हा लॅटिन प्रत्यय लागला आहे. चाकणचा तो चाकणकर, चिंचवडचा तो चिंचवडकर. मराठीत ‘-कर’ जे काम करतो तेच लॅटिनमध्ये हा प्रत्यय करतो. म्हणजे ब्लॅनफर्डने ह्या शंखाचे आडनाव ‘सह्याद्रीकर’ असे लावले. शास्त्रीय नामकरणाच्या नियमानुसार जातीचे हे पहिले नाव, त्यातील वर्णविपर्यासासह, कायम राहते.

वंशाचे नाव मात्र टिकले नाही. ‘क्रेम्नोबेटिस’ हे नाव १८६१ मध्येच ग्युंथर ह्या प्राणिशास्त्रज्ञाने एका माशाला दिलेले होते. प्राणिसृष्टीत एकच नाव दोन वंशांना चालत नाही. जे आधीचे ते ग्राह्य. म्हणून १८६९ मध्ये ब्लॅनफर्डने ‘क्रेम्नोकोंकस’ हे नवे नाव दिले. त्यातील ‘कोंकस’ म्हणजे ग्रीक ‘कोंखोस’, अर्थात शंख वा शिंपला. हा ग्रीक शब्द आणि संस्कृत ‘शङ्ख’ हे अनेक कोशकारांनी सगोत्र मानले आहेत. संस्कृत ‘श’ आणि ग्रीक ‘क’ ह्यांचा संवाद नियमित आहे: ‘दश’ आणि ‘देका’, ‘श्वन्’ आणि ‘किओन’, ‘शतम्’ आणि ‘हेकातोन’ ही त्याची परिचित उदाहरणे. ह्या दृष्टीने पाहता परकीय वाटणाऱ्या नावात ‘शंख’ हा शब्दच वेषांतर करून बसलेला आहे. ‘क्रेम्नोकोंकस’ ह्याचे मराठी रूप ‘कडाशंख’ असे सहज होते, आणि पुढील विवेचनात तेच वापरले आहे.

ब्लॅनफर्डने १८७० मध्ये ‘कोनिकस’, म्हणजे शंकूच्या आकाराची, ही आणखी एक जाती वर्णन केली. त्यानंतर ह्या वंशाच्या जातींची सर्वांगीण पुनर्तपासणी होण्यास जवळजवळ दीडशे वर्षे लागली. डेव्हिड रीड, एन. ए. अरविंद आणि एन. ए. मध्यस्थ ह्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कवच, झाकण, दातांची पट्टी, जननेंद्रिये आणि जनुकद्रव्य ह्या सर्वांचा पुरावा एकत्र केला. त्यात महाराष्ट्रातील तीन जाती कायम झाल्या आणि कर्नाटकातील घाटांतून सहा नव्या जातींची भर पडली. त्यांपैकी एकीचे नाव ‘आगुंबेन्सिस’, म्हणजे पुन्हा ‘आगुंबेकर’. समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० ते १,४०० मीटर उंचीच्या दरम्यान, ओढ्यांत आणि धबधब्यांच्या तुषारांनी भिजणाऱ्या कातळांवर हा संपूर्ण वंश राहतो. महाराष्ट्रातील जाती आणि कर्नाटकातील जाती असे त्याचे दोन गट पडतात.

३

कडाशंखाचे खरे वैशिष्ट्य त्याच्या दुर्मीळतेत नसून त्याच्या कुलात आहे. तो ज्या कुलात मोडतो त्याचे नाव ‘लिटोरिनिडी’. लॅटिनमध्ये ‘लिटुस’ म्हणजे किनारा. त्यामुळे ह्या कुलास ‘तीरवासी’ म्हणावयास हरकत नाही. कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर भरतीच्या रेषेच्या वर, जेथे लाट पोहोचत नाही पण तिचे तुषार पोहोचतात, तेथे दगडाच्या भेगांतून दाटीने बसलेले वाटाण्याएवढे शंख दिसतात. ते ह्या कुलातले होत. जगाच्या बहुतेक सर्व समुद्रकिनाऱ्यांवर हे कुल पसरले आहे. ह्या साऱ्या कुलात गोड्या पाण्यात राहणारा वंश एकच, आणि तो सह्याद्रीतला. ज्याचे सगळे भाऊबंद खाऱ्या पाण्याशी बांधलेले, तो एकटा समुद्रापासून दूर डोंगरावर कसा, हा कडाशंखाने उभा केलेला प्रश्न आहे.

प्रश्नाचे अर्धे उत्तर कड्याच्या आणि किनाऱ्याच्या तुलनेत मिळते. भरतीरेषेच्या वरचा शंख समुद्राचा म्हणवला जात असला तरी त्याचा बराचसा वेळ पाण्याबाहेर जातो. दुपारच्या तापलेल्या दगडावर तो आपले शरीर कवचात ओढून घेतो आणि पायाच्या मागील भागावर असलेल्या शृंगमय झाकणाने कवचाचे तोंड बंद करतो. ह्या झाकणास ‘प्रच्छद’ म्हणतात. ओल परतली की तो बाहेर येतो आणि दगडावरील शेवाळाचा पातळ थर दातांच्या किसणीसारख्या पट्टीने खरवडून खातो. लाटेच्या माऱ्यात दगड न सोडणे, कोरड्या काळात ओल राखणे आणि नुसत्या कातळावर अन्न मिळविणे ह्या तीन गोष्टी त्याला साधलेल्या असतात.

सह्याद्रीच्या कड्यावर जगण्यासाठी नेमक्या ह्याच तीन गोष्टी लागतात. जून ते सप्टेंबर ह्या काळात कड्यावरून पाण्याचे लोट कोसळतात. तेव्हा कातळ घट्ट धरून राहणे आवश्यक असते. पावसाळा ओसरल्यावर कडे सुकू लागतात. तेव्हा जेथे झिरप टिकून राहते अशा भेगांचा आणि प्रच्छदाचा आधार असतो. अन्न म्हणजे ओल्या कातळावरचे शेवाळच. लाटेच्या तुषारांऐवजी धबधब्याचे तुषार, भरती-ओहोटीच्या ऐवजी पावसाळा आणि उन्हाळा, एवढा फरक केला की कडा हा एक प्रकारचा किनाराच ठरतो.

बदलावे लागले ते दोन बाबतींत. पहिली बाब मिठाची. गोडे पाणी शरीरातील द्रवापेक्षा पातळ असल्यामुळे ते सतत आत शिरते आणि प्राण्याला ते बाहेर टाकावे लागते. समुद्रात हा प्रश्न नसतो. दुसरी बाब संततीची. किनाऱ्यावरील अनेक तीरवासी शंखांची पिल्ले प्रथम सूक्ष्म पोहणाऱ्या अवस्थेत समुद्रात सोडली जातात आणि प्रवाहांबरोबर दूरदूर पसरतात. कड्यावर अशी अवस्था असती तर पहिल्याच पावसात सारी पिढी दरीत वाहून गेली असती. कडाशंखात ती गळून पडली आहे. ह्या बदलाचा परिणाम दूरगामी आहे. ज्याची पिल्ले पोहत जाऊ शकत नाहीत तो एका कड्यावरून दुसऱ्या कड्यावर सहज जात नाही. मधला कोरडा डोंगर त्याला समुद्राइतकाच दुस्तर असतो. प्रदेशनिष्ठेचे मूळ येथे आहे.

उत्तराचा उरलेला अर्धा भाग भूगोलाच्या इतिहासात शोधावा लागतो, आणि तो अनुमानाचा आहे. दख्खनचा कातळ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून झाला. पुढे पश्चिमेकडील भूभाग तुटून दूर गेला आणि नवा किनारा तयार झाला. घाटाचा कडा आरंभी किनाऱ्याच्या पुष्कळ जवळ असावा आणि झिजत झिजत पूर्वेकडे सरकला असावा; त्याने मागे सोडलेली पट्टी म्हणजे आजचे कोकण, असे मानले जाते. हे खरे असल्यास शंखाने डोंगर चढण्याची मोठी यात्रा केली असे मानण्याचे कारण उरत नाही. तो समुद्रकड्याच्या तुषारांतून त्याच कड्यावरील गोड्या झिरपीवर आला असेल, आणि पुढे कडाच त्याला घेऊन समुद्रापासून दूर गेला असेल.

४

ह्या प्रकरणाचे मर्म स्पष्ट होण्यासाठी आफ्रिकेतील टांगानिका सरोवराकडे वळणे उपयुक्त आहे. प्रदेशनिष्ठ शंखांसाठी उष्ण कटिबंधातील जी सरोवरे प्रसिद्ध आहेत त्यांत ते अग्रगण्य आहे. त्याची खोली सुमारे १,४७० मीटर असून त्याचे वय सुमारे ९० लाख ते १ कोटी २० लाख वर्षे मानतात. स्पीक ह्या प्रवाशाने १८५८ मध्ये तेथून आणलेल्या शंखांचे वर्णन पुढच्याच वर्षी लंडनमध्ये झाले आणि अभ्यासक चकित झाले, कारण ते शंख जाड, नक्षीदार, थेट समुद्री वाटणारे होते. १८८० मध्ये एडगर स्मिथने वर्णन केलेली ‘टिफोबिया होरी’ ही जाती तर लांब काट्यांनी युक्त आहे. ती त्या एका सरोवरातच सापडते. अशा शंखांवरून मूर ह्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने असे प्रतिपादन केले की हे सरोवर पूर्वी समुद्राशी जोडलेले होते आणि हे शंख त्या प्राचीन समुद्राचे अवशेष आहेत. त्याचा ह्या विषयावरील ग्रंथ १९०३ मध्ये निघाला.

पुढील संशोधनात हे मत टिकले नाही. टांगानिकाचे हे शंख गोड्या पाण्यातील कुलांचेच वंशज ठरले. विस्तीर्ण, खोल, लाटा उठणाऱ्या सरोवरात, कवच फोडून खाणाऱ्या खेकड्यांच्या सहवासात त्यांची कवचे जाड व काटेरी झाली. परिस्थिती सारखी म्हणून रूप सारखे. नाते मात्र नाही.

टांगानिका आणि सह्याद्री ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली की एकमेकांचे उलट प्रतिबिंब दिसते. टांगानिकाचे शंख समुद्री दिसतात, पण समुद्री नाहीत. सह्याद्रीचा शंख ओढ्यातल्या कोणत्याही साध्या शंखासारखा दिसतो, इतका की लेयर्डने त्याला अमेरिकी नदीतल्या शंखांत बसवले. पण तोच समुद्राचा खरा आप्त आहे.

तौलनिक भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला ह्यात आपल्याच शास्त्राचा पहिला धडा ओळखू येईल. ‘बदनाम’, ‘बदफैली’ ह्या शब्दांतला फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ ह्यांचा अर्थ एक, उच्चार जवळजवळ एक. परंतु त्यांच्यात नाते नाही. उलट मराठी ‘चाक’ आणि इंग्रजी ‘व्हील’ ह्यांत एकही ध्वनी समान नाही. तरीही ‘चाक’ हे संस्कृत ‘चक्र’पासून आलेले असून ‘चक्र’, ग्रीक ‘किक्लोस’ आणि ‘व्हील’ हे एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत. ‘सायकल’ हा शब्दही त्या ग्रीक शाखेतलाच. चाकणच्या कारखान्यात कामगाराच्या तोंडी हे तिन्ही शब्द एकाच वाक्यात येऊ शकतात आणि ते चुलत भावंडे आहेत हे कोणाच्याही ध्यानात येत नाही. नाते रूपाच्या साम्यावर ठरत नाही. ते नियमित, अनेक अंगांनी जुळणाऱ्या संवादावर ठरते. भाषेत हा संवाद ध्वनींचा असतो, शंखात तो प्रच्छद, दातांची पट्टी, जननेंद्रिये आणि जनुकद्रव्य ह्यांचा असतो. दोन्हीकडे बाह्य रूप हा सर्वांत मोहक आणि सर्वांत अविश्वसनीय साक्षीदार होय.

ह्यातून आणखी एक गोष्ट निष्पन्न होते. नाते सिद्ध करण्यास पुरावा लागतो आणि प्रदेशनिष्ठ प्राण्याच्या बाबतीत तो पुरावा एकाच जागी ठेवलेला असतो. तीरवासी कुल समुद्र सोडू शकते, ह्या विधानाचा जिवंत आधार जगात एकच आहे.

५

आता त्या जागेविषयी. पवना लोणावळ्याच्या दक्षिणेस आणि इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंडे येथे उगम पावते. दोघी पूर्वेकडे वाहतात. एक पिंपरी-चिंचवडमधून जाते, दुसरी देहू, मोशी, आळंदी ह्या मार्गाने चाकणच्या दक्षिणेकडून भीमेला मिळते. घाटमाथ्याच्या एका बाजूस पडलेला पाऊस ह्या नद्यांत येतो. दुसऱ्या बाजूस पडलेला पाऊस कड्यावरून कोकणात उतरतो. कडाशंखाचे पाणी आणि औद्योगिक पट्ट्याचे पाणी ही एकाच मेघाची दोन वाटण्या होत. माणसाने ही वाटणीही बदलली आहे: लोणावळ्याच्या परिसरातील जलाशयांत अडविलेले पाणी घाटाखाली सोडून १९१५ पासून खोपोली येथे वीज निर्माण केली जाते.

घाटमाथ्यावरून पट्ट्यात उतरलेल्या नद्यांतही शंख आहेत. परंतु भीमेच्या खोऱ्यात जे सामान्यतः आढळतात, उदाहरणार्थ ‘मेलॅनॉइडिस ट्युबर्क्युलाटा’ हा टोकदार शंख, ते कडाशंखाच्या अगदी उलट प्रवृत्तीचे आहेत. मेलॅनॉइडिसची मादी नराविना प्रजनन करू शकते, जिवंत पिल्ले देते आणि गाळ व बरेचसे प्रदूषण सहन करते. पाणवनस्पतींबरोबर त्याची जाती जगातील अनेक उष्ण देशांत पसरली आहे. १९५४ मध्ये पिंपरीस प्रतिजैविकांचा कारखाना उभा राहिल्यापासून आणि १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यानंतर ह्या पट्ट्याचे रूप पालटले, नद्यांचेही पालटले. इंद्रायणीच्या पात्रावर आळंदीस दिसलेला फेस हा अलीकडच्या वर्षांत वारंवार बातमीचा विषय झाला. अशा पाण्यात कोठेही जगणारा शंख टिकतो. एका ठिकाणीच जगणारा टिकत नाही. नदीतून शंख नाहीसे झाले नाहीत एवढ्यावरून नदी सुस्थितीत आहे असा निष्कर्ष काढणे म्हणूनच चुकीचे ठरेल. कोणते शंख उरले, हे पाहिले पाहिजे.

कड्यावर कारखान्याचे सांडपाणी पोहोचत नाही. तेथील धोका वेगळ्या स्वरूपाचा आहे. ब्लॅनफर्डचा लेख ज्या १८६३ साली निघाला त्याच वर्षी बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. पुढे रस्ते रुंदावले, २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, आणि जुलै २०१५ मध्ये आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळून जीवितहानी झाल्यावर कड्यांवरील सुटे दगड काढणे व जाळ्या बसविणे ही कामे हाती घेण्यात आली. प्रवाशांच्या जीविताच्या दृष्टीने अशी कामे आवश्यक आहेत ह्याविषयी वाद नाही. परंतु ज्या झिरपणाऱ्या कातळावर दरडीचा धोका अधिक, तोच कातळ कडाशंखाचा आश्रय असतो. झिरप कोठून येते, ती वळविली वा बुजविली तर कड्याचा कोणता भाग सुकेल, हा प्रश्न कामाच्या आराखड्यात विचारला गेला तर दोन्ही हेतू साधणे अशक्य नाही. न विचारल्यास एका ऋतूत एक वस्ती संपू शकते, आणि पोहणारी पिल्ले नसल्यामुळे शेजारच्या कड्यावरून ती पुन्हा भरून येण्याची आशा थोडी.

अडचण अशी की झिरपता कडा हा कोणत्याच परिचित वर्गात बसत नाही. सरोवराला काठ असतो, नदीला पात्र असते, अरण्याला सीमा असते. त्यांची नोंद होते. ओल्या कातळाला यांपैकी काहीच नाही. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ३९ स्थळे जागतिक वारसा म्हणून मान्य झाली, त्यांपैकी महाराष्ट्रातील चार म्हणजे कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. खंडाळ्याकडचे कडे त्यांत नाहीत. ज्याला प्रशासनाच्या भाषेत वर्ग नाही आणि लोकांच्या भाषेत नाव नाही, त्याचे जाणे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

महाराष्ट्रातच ह्याला भाषेच्या क्षेत्रातील एक समांतर उदाहरण आहे. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर, जळगाव जामोदच्या परिसरात व लगतच्या निमाड भागात बोलली जाणारी निहाली ही भाषा कोणत्याही ज्ञात भाषाकुलात बसत नाही. शेजारच्या भाषांचे शब्द तिच्यात इतके मिसळले आहेत की वरवर पाहणाऱ्यास ती एखादी मिश्र बोली वाटते; तिच्या गाभ्यातील शब्दांचे कुल मात्र अन्यत्र सापडत नाही. तिचे भाषक काही हजारांच्या आसपास. कडाशंख आणि निहाली ह्यांत संख्येचे साम्य नाही आणि माणसांची तुलना शंखांशी करण्याचा येथे हेतू नाही; साम्य आहे ते पुराव्याच्या स्थितीचे. दोन्ही ठिकाणी एका मोठ्या प्रश्नाचे उत्तर अगदी लहान जागेत साठलेले आहे, आणि त्याची दुसरी प्रत नाही.

संग्रहालयातील कवच हा ह्यावर उपाय होत नाही, जसा शब्दसंग्रह हा बोलत्या भाषेला पर्याय होत नाही. कवचावरून आकार कळतो. शंख उन्हाळा कसा काढतो, कातळावर काय खातो, मिठाविना कसा जगतो हे जिवंत प्राण्याकडूनच कळते. ते कळण्यासाठी मोठ्या साधनांची गरज नाही. कोणत्या कड्यावर कोणत्या महिन्यापर्यंत झिरप टिकते आणि तेथे शंख आहेत किंवा नाहीत, ह्याच्या वर्षानुवर्षांच्या साध्या नोंदी घाटाच्या पायथ्याची व माथ्याची महाविद्यालये ठेवू शकतात. ह्या नोंदी मराठीत व्हावयाच्या तर त्यांत प्राण्याला नाव लागेल. ‘कडाशंख’ हा शब्द त्यासाठी पुरेसा आहे. त्यात स्थानही आहे आणि, ग्रीक नावाप्रमाणेच, शंखही आहे.